अर्ध्या गुणाचे इंग्रजी

गेल्या वर्षी पुरिमचा सण आटोपल्यावर एका संध्याकाळी बेअरशेबातील एक तरुण डॉक्टर मुलगी हातात एक कागद घेऊन आमच्या घरी आली. तिची आजी आणि आमची आई यांची मुंबईपासूनची ओळख. त्या नात्याने ती आम्हांस मावशी म्हणते. कागद इंग्रजीच्या परीक्षेच्या निकालाचा होता. श्रवण ८, वाचन ७.५, लेखन ६.५, संभाषण ८. चारांची सरासरी ७.५. नवजात बालकांच्या उपचाराचे पुढील शिक्षण घेण्यासाठी तिला ब्रिटनला जायचे होते, आणि तेथील जनरल मेडिकल कौन्सिल या परीक्षेत एकूण ७.५ गुण मागते. तितके तिला मिळाले होते. परंतु कौन्सिलची दुसरीही एक अट आहे: चारही भागांत, एकाच वेळच्या परीक्षेत, प्रत्येकी ७ पेक्षा कमी गुण चालत नाहीत. लेखनातील अर्ध्या गुणाने तिचे विमान जमिनीवरच राहिले होते, आणि तेही दुसऱ्यांदा.

"मावशी, माझं इंग्रजी वाईट आहे का?" तिने विचारले.

तिचे इंग्रजी वाईट नव्हते. रुग्णालयात परदेशी पाहुणे आले की तीच त्यांच्याशी बोलते. बोलताना अडत नाही, वाचताना अडत नाही, आणि लिहायला बसली की अर्ध्या गुणाने घसरते, असे का व्हावे? आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी आज हाच प्रश्न उभा आहे. कोणाचा मुलगा कॅनडास निघाला आहे, कोणाची सून लंडनमध्ये परिचारिकेचे काम करू पाहते, कोणाचा भाचा ठाण्याहून ऑस्ट्रेलियास जाण्याच्या खटपटीत आहे. म्हणून तिच्या तीन महिन्यांच्या अभ्यासाची हकीकत, तिच्या परवानगीने, येथे देत आहोत.

इंग्रजी आपल्या समाजास नवे नाही, असे वडीलधारी मंडळी अभिमानाने सांगतात. मुंबईत हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली आपल्या मुलांसाठी इस्रायली शाळा निघाली, तीच पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. निस्सिम एझेकिएल (१९२४–२००४) यांच्यासारखा इंग्रजी कवी आपल्यातूनच झाला आणि १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार घेता झाला. हे सारे खरे. परंतु आजोबांचे इंग्रजी नातवाच्या उत्तरपत्रिकेत उतरत नाही. येथे जन्मलेल्या मुलांच्या डोक्यात हिब्रू पहिली, घरातील मराठी अर्धीमुर्धी, आणि इंग्रजी ही शाळेतली व पडद्यावरची. पडद्यावरच्या इंग्रजीने कान तयार होतो, हात तयार होत नाही.

प्रथम परीक्षेविषयी थोडेसे. इंटरनॅशनल इंग्लिश लँग्वेज टेस्टिंग सिस्टिम, अर्थात आयल्ट्स, ही परीक्षा १९८९ पासून या नावाने घेतली जाते. तिची पूर्वज परीक्षा १९८० ची. लेखनास एक तास असतो व त्यात दोन कामे असतात. उच्च शिक्षणासाठी जी 'अकॅडेमिक' परीक्षा असते, तिच्या पहिल्या कामात आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया पाहून किमान १५० शब्दांत वर्णन करायचे. दुसऱ्यात एका प्रश्नावर किमान २५० शब्दांचा निबंध लिहायचा. पहिल्यास २० मिनिटे व दुसऱ्यास ४० मिनिटे द्यावीत, असे प्रश्नपत्रिकेतच सुचविलेले असते. दुसऱ्या कामाचे वजन पहिल्याच्या दुप्पट आहे. तपासणारे चार गोष्टी पाहतात: विचारले त्याचे उत्तर दिले की नाही, मजकुराची मांडणी व सलगपणा, शब्दसंपत्ती, आणि व्याकरण. चौघांना सारखेच महत्त्व.

खरी अडचण अशी की निकालाच्या कागदावर लेखनाचा एकच आकडा येतो. ६.५ आला, पण कोणत्या निकषाने पाय ओढला, हे तो कागद सांगत नाही. ताप किती आहे ते कळते, कशाने आहे ते कळत नाही. ही उपमा आमची नव्हे, तिची.

तिने आधी एका शिकवणीवर्गात बरेच पैसे भरले होते. तेथे तिला पाठ करण्यासाठी छापील वाक्ये दिली गेली होती. कोणताही विषय येवो, आरंभ ठरलेला: 'आजच्या या आधुनिक युगात हा एक अत्यंत वादग्रस्त प्रश्न बनला आहे.' मग 'नाण्याला दोन बाजू असतात', मग 'वरील सर्व मुद्द्यांचा साकल्याने विचार करता'. तिने आमच्यासमोर पहिला निबंध लिहिला. विषय होता: वृद्धांची काळजी घेणे हे कुटुंबाचे कर्तव्य की शासनाचे? दोन्ही मतांची चर्चा करा व आपले मत द्या. २८० शब्दांच्या त्या निबंधातले सत्तर-ऐंशी शब्द असे होते की ते वृद्धांऐवजी प्रदूषणाच्या निबंधात चिकटवले असते तरी कोणास कळले नसते. तपासणाऱ्यांस ही पाठ केलेली वाक्ये तत्काळ ओळखू येतात. त्यांचा लाभ होत नाहीच, उलट ती ज्या जागी बसली तेवढी खऱ्या उत्तराची जागा जाते.

येथे आमचीही एक चूक कबूल केली पाहिजे. अध्यापक विद्यालयात आम्हांस जसे शिकविले होते त्याप्रमाणे आम्ही लाल शाईचे पेन घेतले आणि तो निबंध पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दुरुस्त केला. कागद रक्तबंबाळ झाला. तिने तो पाहिला, "तोदा, मावशी," म्हणाली, आणि पुढचे दहा दिवस आली नाही. सराव पाठांच्या वेळी आमच्या मार्गदर्शक बाईंनी पाठ टाचणाच्या वहीत एक शेरा लिहिला होता: एका तासाला एकच उद्दिष्ट. मुलांना शिकवताना तो नियम आम्ही कटाक्षाने पाळत आलो, आणि एक मोठी, शिकलेली मुलगी समोर बसली तेव्हा नेमका विसरलो. असो. दहा दिवसांनी आम्हीच फोन केला.

दुसऱ्या खेपेस आम्ही चुका दुरुस्त केल्या नाहीत. तिला त्या मोजायला लावल्या. एक वही केली. तिचे जुने सहा निबंध घेऊन प्रत्येक चूक कोणत्या जातीची, हे ती लिहीत गेली. निम्म्याहून अधिक चुका तीनच जातींच्या निघाल्या, आणि त्या तिन्हींची मुळे इंग्रजीत नव्हती, तिच्या दोन घरच्या भाषांत होती. हे आपल्या समाजातील प्रत्येक विद्यार्थ्याने पाहण्याजोगे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली जात काळाची. मराठीत आपण म्हणतो, 'मी दहा वर्षे बेअरशेबात राहते.' हिब्रूतही हेच वाक्य वर्तमानकाळातच येते. दोन्ही भाषा एकाच बाजूने ओढतात, मग मुलगी लिहिते: 'आय ॲम लिव्हिंग इन बेअरशेबा सिन्स टेन इयर्स.' इंग्रजीस तेथे 'आय हॅव लिव्ड' हवे आणि 'फॉर टेन इयर्स' हवे. काल सुरू झालेली व आज चालू असलेली गोष्ट सांगण्यासाठी इंग्रजीने एक वेगळीच खोली बांधली आहे. आपल्या दोन्ही घरांत ती खोली नाही, म्हणून आपण तिच्या दारावरून तसेच पुढे जातो.

दुसरी जात 'अ' आणि 'द' यांची. मराठीत हे दोन्ही नाहीत. हिब्रूत 'द'च्या जागी 'हा' आहे, तो शब्दाला चिकटून येतो. परंतु 'अ' नाही. त्यामुळे आपली मुले 'अ' गाळतात, आणि 'द' मात्र हिब्रूच्या सवयीने नको तेथे लावतात. हिब्रूत 'जीवन कठीण आहे' म्हणताना जीवनाला 'हा' लागतो, म्हणून इंग्रजीतही 'द लाइफ इज हार्ड', 'द सोसायटी मस्ट हेल्प'. एका निबंधात अशा आठ-दहा जागा सहज निघतात. प्रत्येक चूक क्षुल्लक; वाचणाऱ्यास अर्थ कळतो. पण सातव्या पायरीवर व्याकरणाची अपेक्षाच अशी आहे की बिनचूक वाक्ये वारंवार आढळली पाहिजेत. प्रत्येक वाक्यात एक 'द' जास्त असेल तर बिनचूक वाक्य उरतेच किती?

तिसरी जात लहान अव्ययांची. येथे मात्र एक गंमत आढळली. हिब्रूत 'अवलंबून' या क्रियेबरोबर 'मध्ये' या अर्थाचे अव्यय येते, म्हणून आपली मुले 'डिपेंड्स इन' लिहितात. मराठीत आपण 'यावर अवलंबून' म्हणतो, आणि इंग्रजीतही 'डिपेंड्स ऑन'च आहे! "म्हणजे आजीची भाषा इथे कामाला आली," ती हसून म्हणाली. उलट 'विषयावर चर्चा' दोन्ही घरच्या भाषांत अव्यय मागते, इंग्रजी 'डिस्कस' मागत नाही. तेथे 'डिस्कस अबाउट' ही चूक मराठी माणूस व हिब्रू माणूस दोघेही बंधुभावाने करतात. मोठ्या अक्षरांचेही तसेच. देवनागरीत मोठे अक्षर नाही, हिब्रूतही नाही. संगणकावर भराभर लिहिताना वाक्याच्या आरंभी व विशेषनामास ते राहून जाते. परीक्षा संगणकावर दिल्यास शब्दसंख्या समोर दिसते, परंतु शुद्धलेखन तपासणारा यांत्रिक मदतनीस तेथे नसतो, हे फोनच्या सवयीच्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

त्यानंतर नियम केला. एका आठवड्यात एकच जात. निबंध लिहून झाला की शेवटची पाच मिनिटे राखायची आणि तो निबंध फक्त 'अ' व 'द' यांसाठी वाचायचा. अर्थाकडे पाहायचेच नाही. पुढच्या आठवड्यात फक्त क्रियापदांसाठी. आणि लिहिलेलाच निबंध दोन दिवसांनी कोरा कागद घेऊन पुन्हा लिहायचा. दररोज नवा निबंध लिहिणारी मुले त्याच चुका नव्या कागदावर पक्क्या करतात, असे आम्ही शाळेत वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पंधरा निबंध एकदा लिहिण्यापेक्षा पाच निबंध तीनदा लिहिलेले आम्हांस अधिक पसंत.

शब्दसंपत्तीविषयी तिचा गैरसमज असा की अवघड शब्द म्हणजे जास्त गुण. शिकवणीवर्गाने दिलेला 'प्लेथोरा' हा शब्द ती जागोजागी पेरत असे. आजीला 'अ प्लेथोरा ऑफ डॉटर्स' आहेत, असे एका वाक्यात लिहिले होते. आम्ही विचारले, "तुमच्या विभागात एखादं बाळ रक्त जास्त झाल्याने लालबुंद दिसलं तर त्याला काय म्हणतात?" ती क्षणभर थांबली आणि तिला हसू आवरेना. शब्द तोच, आणि त्यात 'गरजेपेक्षा जास्त' असा भाव आहे. आजीच्या तीन मुलींपैकी कोणती जास्त झाली, हे आजीस विचारण्याची सोय नव्हती. कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या शेजारी बसतो, ही जाण परीक्षकास हवी असते. रुग्णालयात ती जे शब्द रोज सहज वापरते, तेच तिचे खरे धन होते; ते सोडून ती उसने दागिने घालून परीक्षेस जात होती.

आलेखाच्या कामात तिची चूक वेगळीच. ती प्रत्येक आकडा क्रमाने सांगत सुटे: १९९० साली इतके, १९९५ साली इतके, २००० साली इतके. आम्ही तिला विचारले, रुग्णाचा रक्ततपासणीचा अहवाल आला की बाहेर बसलेल्या आईबापांस तू काय सांगतेस? प्रत्येक ओळ वाचून दाखवतेस का? "नाही," ती म्हणाली, "मी सांगते, कावीळ उतरते आहे, बाकी सगळं ठीक आहे." बस्स, तेच वाक्य येथेही हवे. आरंभीच्या वाक्यानंतर लगेच दोन वाक्यांत एकूण चित्र: काय वाढले, काय घटले, कोण सर्वांत पुढे. मग त्या चित्रास आधार म्हणून निवडक आकडे. हे एकूण चित्र स्पष्ट नसेल तर बाकीचे सारे आकडे अचूक असूनही गुण खाली राहतात. ही गोष्ट तिला एका दिवसात साधली. तेथे अधिक वेळ घालवला नाही.

वेळ लागला तो निबंधाच्या विचारास. वृद्धांच्या त्या विषयावर तिने कुटुंबाच्या बाजूने चार व शासनाच्या बाजूने चार कारणे एकेका ओळीत मांडली होती. यादी झाली, युक्तिवाद झाला नाही. आणि शेवटी 'दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत' असे म्हणून ती स्वतःच्या मतापासून दूर सरकली होती. परीक्षकास मत कोणते याच्याशी कर्तव्य नसते. ते आरंभापासून अखेरपर्यंत स्पष्ट दिसले पाहिजे, एवढेच तो पाहतो. आम्ही सांगितले, दोनच कारणे घे, पण प्रत्येकाला घर बांधून दे. प्रश्नपत्रिकेत स्वतःच्या अनुभवातील उदाहरणे द्या असे लिहिलेले असते, मग तुझी आजी या निबंधात का नाही?

ती गप्प बसली. आजी दिमोनात राहतात, नव्वदीच्या घरात आहेत. १९८८ साली अंमलात आलेल्या कायद्याप्रमाणे बितुआह लेउमीकडून त्यांना घरी मदतनीस मिळते. बाई मनमिळाऊ आहे, आजींना न्हाऊ घालते, जेवू घालते. परंतु गेल्या दोन वर्षांत आजींची हिब्रू हळूहळू विसरत चालली आहे. उरली ती मराठी. एके दिवशी त्या सकाळपासून "मळमळतंय गं" म्हणत होत्या. मदतनीस बाईस ते कळले नाही. तिला वाटले, आजी गाणे म्हणत आहेत. संध्याकाळी नात आली तेव्हा तिला कळले, आणि त्या रात्री आजींस रुग्णालयात न्यावे लागले. नात डॉक्टर, पण तिलाही तो शब्द पटकन समजला नव्हता. तिने आईला फोन करून विचारला.

हे सर्व तिने मराठी-हिब्रूच्या मिश्रणात सांगितले. आम्ही म्हटले, आता हेच इंग्रजीत लिही, जसे सांगितलेस तसे. चाळीस मिनिटांनी जो निबंध समोर आला त्यात 'आधुनिक युग' नव्हते, नाणे नव्हते. शासन तासांचे पैसे देऊ शकते, आणि ते त्याने द्यावेतच, कारण नोकरी करणाऱ्या लेकीसुनांनी ते ओझे एकट्याने का उचलावे, हा एक परिच्छेद. दुसऱ्या परिच्छेदात आजी. त्यातले एक वाक्य आम्हांस पाठ आहे: 'द स्टेट कॅन पे फॉर द अवर्स, बट इट कॅनॉट लर्न हर लँग्वेज.' साधे शब्द, एकही 'द' जास्त नाही. त्या निबंधात दोन अव्ययांच्या चुका होत्या. त्या दिवशी आम्ही लाल पेन काढलेच नाही.

येथे एक इशारा दिला पाहिजे. प्रत्येक निबंधात आजी आणून चालत नाही. अनुभव हा मुद्द्याचा पुरावा म्हणून यावा, गोष्ट म्हणून नव्हे. तीन वाक्यांत तो संपला पाहिजे आणि चौथ्या वाक्याने प्रश्नाकडे परतले पाहिजे. पहिल्या यशाने ती इतकी उत्साहित झाली की वाहतुकीच्या कोंडीवरील निबंधातही आजी बसमध्ये बसून आल्या. त्यांना खाली उतरवण्यास एक आठवडा लागला.

पेसाहच्या धांदलीत दोन आठवडे अभ्यास बुडाला. नंतर पुन्हा बसलो. वेळेचे गणित असे ठरविले: दुप्पट वजनाचा निबंध आधी, त्यात पाच-सहा मिनिटे आराखडा, अर्धा तास लेखन, उरलेली मिनिटे वाचन, मग आलेख. सर्वांनी असेच करावे असे आमचे म्हणणे नाही. ज्यांना आलेख पटकन उरकून मोकळे व्हायला आवडते त्यांनी तसे करावे, फक्त विसाव्या मिनिटाला निर्दयपणे थांबावे.

परिचारिकांसाठी येथेच एक माहिती: ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलने डिसेंबर २०१८ मध्ये लेखनाची अट ७ वरून ६.५ वर आणली; बाकीच्या तीन भागांत ७ कायम आहेत. याच परीक्षेऐवजी आरोग्यसेवकांसाठी असलेली ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्टही तेथे चालते, आणि तिच्या लेखनात रुग्णाविषयीचे पत्र लिहावयाचे असल्याने काहींस ती जवळची वाटते. मात्र डॉक्टरांस ही सवलत लागू नाही, हे आमच्याकडे चौकशी करणाऱ्या एका पालकांनी कृपया ध्यानात घ्यावे.

शाबुओथनंतर तिने तिसऱ्यांदा परीक्षा दिली. निकालाच्या दिवशी फोन आला, पण ती बोलेना. श्रवण ८, संभाषण ८, लेखन ७. आणि वाचन, जे पूर्वी ७.५ होते, ते घसरून ७ वर आले होते. आम्ही फोन कानाशी धरूनच बोटांवर बेरीज केली: तीस भागिले चार. साडेसात. ना अधिक, ना उणे.

आजींनी एलियाहू हन्नाबीचा मलिदा बोलला होता, तो त्याच आठवड्यात दिमोनात झाला. पोहे भिजवून, खोबरे-साखर कालवून, फळे मांडून सारे यथासांग झाले. मदतनीस बाईही पंगतीत बसली होती. तिला आता दहा-बारा मराठी शब्द येतात. नातीने एका कागदावर ते हिब्रू अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवले आहेत. यादीतला पहिला शब्द 'मळमळतंय' आहे.